रिंग खात्यातला भीमसैनिक

मागच्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, आमचे दादा म्हणजे माझे वडील वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी कालकथित झाले. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहार भरून माणसे बाहेर रस्त्यावर उभी होती. भन्तेजींनी त्रिसरण पंचशील दिले, धम्मदेसना झाली आणि मग आदरांजलीची भाषणे सुरू झाली. समोर चार गटांचे चार पुढारी बसले होते. उपस्थित मान्यवरांची नावे वाचण्यातच अर्धा तास गेला. शेवटी एका वक्त्याने अगदी मनापासून सांगितले, "कालकथित हे काही पुढारी नव्हते, साहित्यिक नव्हते. साधे गिरणी कामगार होते. संसार नेटका केला, मुले शिकवली, एवढेच."

वक्त्याचा हेतू वाईट नव्हता. दादांना ते ऐकू आले असते तर त्यांनीही मान डोलावली असती. पण ते "एवढेच" वर्षभर माझ्या डोक्यातून गेले नाही. आज त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने मला त्या एका शब्दाचा हिशेब मांडायचा आहे. हा हिशेब एकट्या माझ्या वडिलांचा नाही. वाचकांपैकी निम्म्या लोकांच्या घरात असा एक माणूस होऊन गेला आहे किंवा अजून खाटेवर बसून आहे.

दादा मूळचे सातारा जिल्ह्यातले. शिक्षण चौथीपर्यंत. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि मुंबईत चुलत्यांकडे काम शोधायला आले होते. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या अफाट गर्दीत दादा होते. "काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पुढचा म्हणेल ते मी म्हणत होतो," असे ते सांगायचे. रडत रडत बुद्धाला शरण गेलेला तो मुलगा मग गावी परतलाच नाही. पुढच्याच वर्षी चुलत्यांच्या ओळखीने लालबाग-परळ भागातल्या एका गिरणीत तो बदली कामगार म्हणून लागला. खाते मिळाले रिंगचे.

आता आजच्या मुलांना रिंग खाते म्हणजे काय हे सांगावे लागेल. गिरणीत कापूस पिंजून, पेळू करून, शेवटी त्याचे सूत काढले जाते ते या खात्यात. एका रांगेत शेकडो चात्या गरगर फिरत असतात. तुटलेला धागा चालत्या मशीनवर बोटांनी सांधायचा, भरलेल्या बाबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. सुताने तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, त्यात उकाडा, आणि कापसाची तूस नाकातोंडात. पाळी संपल्यावर दादा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. लहानपणी मला वाटायचे की सगळ्यांचे वडील संध्याकाळी म्हातारे होऊन घरी येतात आणि आंघोळ केली की परत तरुण होतात.

रिंग खात्यापेक्षा कापड विणणाऱ्या साचे खात्यात पगार जास्त. मग आमची माणसे तिकडे का नव्हती? याचे उत्तर धोट्यात आहे. धोट्यातल्या कांडीचे सूत संपले की विणकर नवी कांडी घालायचा आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचे टोक श्वासाने ओढून घ्यायचा. एका साच्यावर पाळीपाळीने माणसे बदलतात. म्हणजे ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्यालाच पुढच्या पाळीच्या सवर्ण कामगाराचे तोंड लागणार! विटाळ होणार! म्हणून अस्पृश्यांना साचे खाते बंद. मालकाने केलेला हा नियम नव्हता. खांद्याला खांदा लावून लाल बावट्याखाली घोषणा देणाऱ्या कामगार बांधवांनीच तो पाळला होता.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे, या मागणीला तुमचा पाठिंबा आहे की नाही ते सांगा, असे त्यांनी विचारले. पुढाऱ्यांनी आढेवेढे घेत ती मागणी मान्य केली. बाबासाहेब स्वतः १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे परळच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत राहिले होते. त्यांना धोटा कोणी पुस्तकातून समजावून सांगावा लागला नाही. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप करून दाखवला. म्हणजे बाबासाहेबांनी कामगार एकजूट नाकारली नाही, त्या एकजुटीतली जात मात्र त्यांनी लपू दिली नाही.

दादा गिरणीत लागले ते १९५७ साली. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केलेली, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदाही आलेला. तरी त्यांनी साचे खाते मागितले तेव्हा जॉबरने "तिकडे जागा नाही" असे सांगितले. त्याच आठवड्यात त्यांच्याच गावचा, त्यांच्याच वयाचा एक मराठा मुलगा साच्यावर लागला. दोघे एकाच एसटीने गावी जायचे, एकमेकांच्या सुखदुःखात असायचे. त्या मित्राविरुद्ध दादांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. फक्त एकदा मला म्हणाले, "सूत मी काढायचं आणि कापड त्यानं विणायचं. सुताला विटाळ नाही, धोट्याला आहे. ही कसली अक्कल?"

बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी, एकेका इमारतीत ८० खोल्या, सामाईक संडास. त्या खोलीत आजी, आईदादा, आम्ही चार भावंडे आणि गावाहून कामाला आलेला कोणी ना कोणी पाहुणा. रातपाळीवरून आलेल्या माणसाला दिवसा झोप मिळावी म्हणून आई आम्हाला गॅलरीत बसवायची. आम्ही सगळे गॅलरीतच शिकलो.

आणि त्या खोलीत एक वही होती. ती गेल्या वर्षी कपाट आवरताना माझ्या हाती लागली. एक नव्हे, अकरा वह्या निघाल्या. १९५९ पासून दादांनी दर महिन्याचा हिशेब लिहून ठेवला होता. चौथी शिकलेल्या माणसाचे मोठे, वेडेवाकडे अक्षर. पगार. गावी मनीऑर्डर. रेशन. पतपेढीचा हप्ता. मुलांच्या फिया. आणि दर महिन्याला, एकही महिना न चुकता, दोन ओळी: "विहार" आणि "पेपर". एप्रिलमध्ये तिसरी ओळ, "जयंती". डिसेंबरमध्ये चौथी, "सहा डिसेंबर, जेवण", म्हणजे गावाकडून चैत्यभूमीला येणाऱ्या माणसांच्या जेवणाचा खर्च. काही महिन्यांत "फी" च्या पुढे आकडा नाही, नुसती "राहिली" अशी नोंद आहे. विहाराच्या पुढे मात्र "राहिली" असे एकदाही लिहिलेले नाही.

आपण चळवळीचा इतिहास लिहितो तेव्हा परिषदा, ठराव, फूट, ऐक्य, पुन्हा फूट, असे लिहितो. पुढाऱ्यांची चरित्रे लिहितो. पण त्या परिषदांच्या मंडपाचे पैसे कोणी दिले? बाहेरगावाहून आलेला कार्यकर्ता कोणाच्या खोलीत झोपला आणि कोणाच्या ताटात जेवला? आपल्या चळवळीला ना शेठजी मिळाले ना साखर कारखाना. ती उभी राहिली ती गिरणी, गोदी, रेल्वे आणि महापालिकेच्या सफाई खात्यातल्या माणसांच्या पगारातून. दर महिन्याच्या एका ओळीतून!

१९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली, तेव्हा मी लहान होतो. दलित पँथरच्या सभेनंतर सुरू झालेली ती दगडफेक, ते पोलीस, त्या बंद खिडक्या मला पुसट आठवतात. दादा रातपाळीला होते. सकाळी चाळीत येता येईना म्हणून ते परत गिरणीच्या दारात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. ज्या चाळींतून आमच्यावर दगड आले, त्याच चाळींतली माणसे त्यांच्या शेजारच्या मशीनवर होती. मी मोठेपणी विचारले, "तेव्हा तुम्ही त्यांच्याशी बोललात कसे?" म्हणाले, "बोललो नाही. पण त्याचा धागा तुटला तर सांधला. मशीन थांबलं असतं."

आठ वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, तीच माणसे एकत्र संपावर गेली. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार. त्या संपावर पुष्कळ लिहिले गेले, पण एक गोष्ट फार थोड्यांनी लिहिली. संप लांबला तसे बरेच कामगार गावी शेतावर गेले. जमीन थोडी का असेना, पोटापुरते पिकत होते. आमच्या माणसांकडे कुठे होती जमीन? भूमिहीनाला गावी परतणे म्हणजे पुन्हा त्याच पाटलाच्या दारात उभे राहणे. दादा गावी गेले नाहीत. त्यांनी नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम केले, रंगाऱ्याच्या हाताखाली भिंती घासल्या.

आणि आईने? १९८२ च्या वहीत "पगार" या शब्दाच्या पुढे महिनोन्महिने रेघ ओढलेली आहे. त्याच्या खाली एक नवा शब्द येतो, "भाजी". आई पहाटे दादरच्या बाजारातून पाट्या आणून नाक्यावर बसायची. घर त्या भाजीवर चालले, माझी दहावीची फी त्या भाजीवर गेली आणि विहाराची वर्गणीसुद्धा. तरी संपाच्या गोष्टी सांगताना दादा स्वतःच्या नाक्याबद्दल बोलायचे, आईच्या पाटीबद्दल नाही. मी एकदा हे बोलून दाखवले तेव्हा ते गप्प झाले. काही दिवसांनी बघतो तर त्यांनी त्या जुन्या वहीत "भाजी" च्या पुढे पेनाने लिहिले होते, "हिची कमाई". चूक कळल्यावर ती लिहून दुरुस्त करणारा माणूस मी आमच्या पुढाऱ्यांतही फारसा पाहिला नाही.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो लोक कायमचे बाहेर फेकले गेले. दादांना १९८३ च्या शेवटी पुन्हा घेतले. १९९८ साली साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले, आणि तेव्हा त्यांची खरी लढाई सुरू झाली. गिरणीने ग्रॅच्युइटीचा हिशेब करताना बदलीची पहिली सात वर्षे धरलीच नाहीत. "नोंद सापडत नाही," म्हणाले. युनियनच्या माणसाने खांदे उडवले. दादांनी पत्र्याची पेटी उघडली. सात वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवलेल्या होत्या आणि ज्या महिन्याची चिठ्ठी नव्हती त्या महिन्याचा हिशेब वहीत होता. तीन वर्षे कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढून त्यांनी त्या वर्षांची ग्रॅच्युइटी मिळवली. रक्कम फार मोठी नव्हती. पण निकालाचा कागद त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला होता. "शिका म्हणाले होते ना? मी एवढाच शिकलो, कागद जपायला," असे ते हसून म्हणायचे.

बाबासाहेबांचे आणि या माणसांचे नाते केवळ जयजयकाराचे नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा १९४६ चा दुरुस्ती कायदा त्यांच्याच खात्याच्या कामाचे फळ. कामगार विम्याची पायाभरणीही त्यांच्याच काळात झाली, त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला. दादांना १९७९ साली छातीचा त्रास झाला तेव्हा त्यांच्यावर विम्याच्या दवाखान्यात उपचार झाले. आठ तासांची पाळी होती म्हणून संध्याकाळी विहारात बसायला वेळ मिळाला. कायद्याचे पुस्तक त्यांनी कधी हातात धरले नाही, पण तो कायदा त्यांच्या अंगावरून गेला होता.

आता माझी स्वतःची एक गोष्ट कबूल करतो. शिकलो, राखीव जागेतून सरकारी नोकरीला लागलो, कल्याणला फ्लॅट घेतला. ऑफिसात कोणी विचारले की वडील काय करतात, तर मी "टेक्स्टाईलमध्ये होते" असे सांगायचो. ऐकणाऱ्याला वाटावे की मॅनेजर असतील. एकदा दादा माझ्या ऑफिसात आले. साहेबांनी विचारले, "काका, तुम्ही टेक्स्टाईलमध्ये कुठल्या पोस्टवर होता?" दादा ताठ बसून म्हणाले, "रिंग खात्यात. सूत काढायचो." माझी मान खाली गेली, त्यांची गेली नाही. आज लाज वाटते ती त्या वेळच्या माझ्या लाजेची. आमच्या पिढीने बापाच्या घामावर पदव्या घेतल्या आणि पहिल्यांदा कसला वास लपवला असेल तर त्या घामाचा.

निवृत्तीनंतर दादांना मी कल्याणला नेले. ते महिनाभर राहिले आणि चाळीत परतले. विहारात मुलांची अभ्यासिका उघडायची, झाडायची, संध्याकाळी दिवे लावायचे, ही कामे त्यांनी वीस वर्षे केली. शिकवता येत नव्हते, म्हणून नुसते बसून राहायचे. "मोठं माणूस बसलं की पोरं वाचतात," एवढे त्यांचे शिक्षणशास्त्र. चाळीतला कोणी मुलगा नोकरीला लागला की अभिनंदनाआधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "फंड कापतात का? पावती बघू." पोरे हसायची. त्यांना "फंडवाले आजोबा" म्हणायची.

माझा भाचा भिवंडीच्या एका गोदामात कंत्राटी कामाला आहे. बारा-बारा तास उभे राहून पुड्या बांधतो. दादांनी शेवटच्या दिवसांत त्यालाही तेच विचारले. त्याच्याकडे ना नेमणुकीचा कागद, ना फंडाची पावती. पगार कंत्राटदार मोबाईलवर पाठवतो, कंत्राटदार दर वर्षी बदलतो. दादा त्याला म्हणाले, "बाळा, मी बदली होतो तरी माझ्याकडे चिठ्ठी होती. तू पदवीधर असून तुझ्याकडे काहीच नाही?" नातवाकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते.

दादा गेल्यावर सहा महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, केंद्राच्या २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. पूर्वी १०० कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, आता ती अट ३०० कामगारांपासून आहे. म्हणजे लहान कारखान्यातल्या माणसाच्या डोक्यावरचे छप्पर काढून घेतले. त्याच संहितांत नेमणूकपत्र देण्याची सक्ती आहे, मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीची तरतूदही आहे. पण कायद्यातली ओळ आपोआप खिशात येत नाही. ती मागायला कागद लागतो आणि कागद मागायला मागे संघटना लागते. आपल्या किती गटांकडे आज कामगार आघाडी आहे? जी आहे ती जयंतीच्या बॅनरवर सोडून कुठे दिसते? राखीव जागांवर आपण बोललेच पाहिजे, पण खासगी गोदामात, कंत्राटी सफाईत, मोटारसायकलवर जेवण पोचवणाऱ्या आपल्या लाखो मुलांसाठी आपल्याकडे काय बोलणे आहे? १९२८ साली बाबासाहेबांनी धोट्याचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. आज हा फंडाच्या पावतीचा प्रश्न कोण ठेवणार?

म्हणून त्या "एवढेच" वर माझे म्हणणे असे आहे. संसार नेटका करणे, मुलगे आणि मुली दोघांनाही शिकवणे, एक महिना न चुकवता विहाराची ओळ भरणे, हक्काच्या पैशासाठी तीन वर्षे पायऱ्या चढणे, हे चळवळीच्या बाजूला चाललेले खासगी आयुष्य नव्हते. तीच चळवळ होती. पुढारी त्या चळवळीचा आवाज होते, पण तिचे पोट ही माणसे भरत होती.

माझी समाजबांधवांना एक साधी विनंती आहे. आपल्या वस्तीत गिरणीतून, रेल्वेतून, गोदीतून, आयुध कारखान्यातून, महापालिकेतून निवृत्त झालेली जी माणसे अजून हयात आहेत, त्यांच्याजवळ जाऊन बसा. कुठल्या खात्यात होतात, पाणी कुठे प्यायचात, पगार किती होता, वर्गणी कोणाकडे द्यायचात, संपात घर कोणी चालवले, हे विचारा आणि लिहून ठेवा. घरातल्या बायकांना वेगळे विचारा, कारण वहीत त्यांच्या पुढे रेघ असते. पत्र्याच्या पेट्या भंगारात देऊ नका. आणि पुढच्या पुण्यानुमोदनाला मान्यवरांची यादी थोडी कमी करून, गेलेल्या माणसाच्या वहीतले एक पान वाचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट. दादांना ते पाहायला मिळाले नाही. आमचीही पाळी येईल तेव्हा त्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली त्या अकरा वह्या ठेवायच्या, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. भाच्याने बारावी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्याने कंत्राटदाराचे नाव, कामाचे तास आणि मिळालेली रक्कम लिहिली आहे. फंडाच्या पुढे सध्या रेघ आहे. खाली दादांसारखीच ओळ आहे: विहार.

जयभीम!